लक्ष्मणला न बोलावलेले दोन दिवस

विमल,

महत्त्वाचं आधी सांगायचं, ही दैनिकातली सवय अजून सुटलेली नाही. म्हणून तेच आधी सांगतो. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी मला लक्ष्मणला बोलावून घ्यायला सांगितलं होतं. मी बोलावलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. ते दोन्ही दिवस तुझे हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. लक्ष्मणचा फोन नंबर माझ्या खिशात होता.

तुला जाऊन बारा दिवस झाले. परवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले आणि ते खरंच होतं. ते इथे पुन्हा लिहीत नाही. जे कोणी बोललं नाही तेवढंच लिहितो.

शुक्रवारी संध्याकाळी परसात दोडके काढताना तू पडलीस. खुब्याचं हाड मोडलं. रविवारी चंद्रपूरला ऑपरेशन झालं आणि ते नीट झालं. सोमवारी सकाळी तू अर्धा कप चहा घेतलास, सिस्टरला तिचं गाव विचारलंस. ती कुरखेड्याची निघाली, तर तिकडे यंदा धान कसं आहे याची चौकशी केलीस. दुपारी झोपलीस. चार वाजता जागी झालीस तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणालीस, ‘तुमी कोण? इथी बिनकामाचं कोणी यायचं नाई.’

‘विमल, मी आहे.’

‘मी म्हंजे कोण?’

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. तू ते ऐकून घेतलंस आणि मान हलवलीस. ‘ते तं चंद्रपूरले असतात. शनिवारी येतात.’

एवढं बोलून तू दुसरीकडे पाहू लागलीस. तुझं म्हणणं चुकीचंही नव्हतं. पस्तीस वर्षं मी चंद्रपूरलाच होतो आणि शनिवारीच येत होतो. आणि आताही आपण चंद्रपुरातच होतो.

डॉक्टर तरुण होत्या, तुझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन समजावलं. हे वेड नाही, विसरण्याचा आजारही नाही. उतारवयात मोठं ऑपरेशन, दुखणं, ताप, गुंगीची औषधं, तुटक झोप आणि अनोळखी जागा हे सगळं एकदम अंगावर आलं की मेंदूचा असा गोंधळ उडतो. तो अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होत राहतो, संध्याकाळी वाढतो. कारण सापडून उपचार झाले की बहुतेकदा उतरतो. तुझ्या लघवीत जंतू सापडले होते, त्याचं औषध सुरू झालं होतं. ‘त्यांना चष्मा लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, जवळ बसा, हळू बोला,’ त्या म्हणाल्या. ‘आणि वाद घालू नका.’

शेवटची सूचना मी पाळली नाही. तू म्हणालीस सकाळ झाली, मी म्हणालो संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. तू म्हणालीस नेटघरात, तुझ्या कामावरच्या जाळीच्या घरात, उंदीर शिरला, मी म्हणालो हा दवाखाना आहे, दुसरा मजला, स्त्रियांचा वॉर्ड. दुसऱ्यांच्या मजकुरातली चुकीची गावं आणि चुकीचे वार खोडण्यात माझी सगळी नोकरी सरली. तुझ्या उशाशी बसूनही मी तेच केलं. माझ्या प्रत्येक दुरुस्तीनंतर तुझा आवाज चढत होता. शेवटी शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, ‘भाऊ, त्यायले कायले परीक्षेले बसवून राह्यले?’

तुझे हात थांबत नव्हते. डावा हात काहीतरी उभं धरल्यासारखा असायचा. उजव्या हाताची दोन बोटं चादरीचा धागा पकडायची, उचलायची, सोडायची. मध्येच सलाइनच्या नळीला लागायची आणि तीही ओढायची. दोनदा सुई निघाली, चादरीवर रक्त आलं. मंगळवारी सकाळी सिस्टरने गॉजची पट्टी घेऊन तुझी मनगटं कठड्याला बांधली. तू छताकडे पाहून ‘बंद करा, बंद करा’ म्हणून ओरडत होतीस. मी खिशातल्या वहीत टिपून ठेवलं: ‘हातांची सतत निरर्थक हालचाल. वर काहीतरी दिसत असल्याचा भास.’ वही अजून माझ्याजवळ आहे. ते वाक्य खोडलेलं नाही.

आणि तू हाक मारत होतीस. ‘लक्ष्मणभाऊ, ऊन वर आलं. लोंबी आना ना बाप्पा लवकर.’ सोमवारी चार-पाच वेळा. मंगळवारी मी मोजणं सोडून दिलं. माझं नाव एकदाही आलं नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, ‘हे लक्ष्मणभाऊ कोण?’

‘तिच्या कामावरचे. धानाच्या संशोधन केंद्रावर होते दोघं.’

‘कुठे असतात?’

‘सिंदेवाहीला.’

‘मग दोन तासांवर आहेत की. बोलवून घ्या. मलाही हे हात बांधणं पसंत नाही. ज्यांना त्या शोधताहेत ते समोर आले तर कदाचित सोडता येतील.’

मी म्हणालो, ‘तो बाहेरगावी आहे. मुलीकडे, नागपूरला. तिचं बाळंतपण आहे.’

लक्ष्मण घरीच होता. त्याच्या मुलीचं बाळंतपण दोन वर्षांपूर्वी झालं होतं. गाव आणि कारण दिलं की मजकूर खरा वाटतो, हे मला माहीत होतं. डॉक्टर ‘अच्छा’ म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

संशय नव्हता, विमल. संशय असता तर मला काहीतरी विचारता आलं असतं, भांडता आलं असतं. त्याची बायको तुला ताई म्हणायची, तो मला भाऊजी म्हणतो. हेवा होता. तोही आजचा नाही. आपलं लग्न झालं तेव्हा तू केंद्रावर रोजंदारीला होतीस, पुढे कायम झालीस. मी दैनिकात. शनिवारच्या गाडीने सिंदेवाहीला यायचो, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. दीड दिवस माझ्या वाट्याला यायचा. बाकीचे दिवस जाळीच्या त्या घरात तू आणि लक्ष्मण समोरासमोर बसायचात, मध्ये धानाची कुंडी. एकदा तुला डबा द्यायला आलो तेव्हा दारातून पाहिलं होतं. तुम्हा दोघांपैकी कोणीही मान वर केली नाही. मी डबा उंबऱ्यावर ठेवून परतलो.

आपल्याला मूल झालं नाही. त्यानंतर मी दर वर्षी म्हणायचो, नोकरी सोड, चंद्रपूरला चल. तू म्हणायचीस, ‘चंद्रपूरले काय करू? कोळशाची धूळ पुसू? इथी माह्या हाताले काम हाय.’ एका रविवारी मी विचारलं, ‘काम आहे की संगत आहे?’ तू ताट माझ्यापुढे सरकवलंस. ‘जेवा पहिले. मंग बोलू.’ ते बोलणं राहून गेलं. नंतर मीही काढलं नाही आणि तूही नाही.

तूही केंद्रावरून निवृत्त झालीस आणि मीही निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा वाटलं, आता सगळे दिवस आपले. आठ वर्षं ते होतेही. पण आश्विनात लक्ष्मण त्याच्या शेतातली एखादी लोंबी घेऊन यायचा. तुम्ही दोघं ती उन्हात धरून पाहायचात आणि मी चहा करायचो. तुम्ही काय पाहता हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला तो वॉर्डाच्या दारात उभा होता. गळ्यात दुपट्टा, हातात रिकामी पिशवी. बाजाराला म्हणून निघाला होता, सिंदेवाहीच्या स्टँडवर कोणीतरी सांगितलं, तशी मूल गावावरून चंद्रपूरला येणारी बस धरली. ‘भाऊजी, बाई पडल्या अन् मले खबर नाई?’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘घाईत राहून गेलं.’

तो पलंगाजवळ आला. तू ओरडत होतीस, ‘बंद करा.’ त्याने तुझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. भिंतीवर बटणं शोधली, दोन चुकीची दाबली, तिसऱ्याने पंखा बंद झाला. तू गप्प झालीस. तीन दिवसांत पहिल्यांदा.

‘नेटघरात पंखा लावते काय कोणी?’ तो मला म्हणाला. ‘पराग उडून जाते ना.’

मग त्याला पट्ट्या दिसल्या. ‘हे सोडा.’

सिस्टर म्हणाली, ‘आजी नळी ओढतात हो काका.’

‘नाई ओढणार. मी समोर बसतो ना.’

सिस्टरने पट्ट्या सोडल्या. बोटं लगेच चादरीवर आली. लक्ष्मण स्टुलावर बसला आणि पाहत राहिला. मग मला जवळ बोलावून हळूच मोजू लागला. ‘एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. आता पाहा, हात पुढं सरकन.’ हात पुढे सरकला. पुन्हा सहा. पुन्हा पुढे. मी तीन दिवस ते हात पाहत होतो.

धानाच्या एका फुलात सहा पुंकेसर असतात. दोन वाणांचा संकर करायचा तर फुलाचं टोक कात्रीने छाटून ते सहाही चिमट्याने काढून टाकावे लागतात. लोंबीवर कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की दुसऱ्या वाणाची उमललेली लोंबी आणून तिचा पराग वरून झाडायचा. सहातला एक जरी आत राहिला तर फूल आपल्याच परागाने फळतं आणि मेहनत वाया जाते. तू सहा काढायचीस, लक्ष्मण लोंबी आणायचा. हे मला त्या दिवशी त्याने सांगितलं. तू कधी सांगितलं नव्हतंस. किंवा सांगितलं असशील आणि मी पेपर वाचत असेन.

तो तुझ्याशी बोलला ते मी शब्दशः लिहून घेतलं.

‘विमलबाई, आज वारा हाय जी.’

तू त्याच्याकडे पाहिलंस. नजर ठरली. ‘मंग आवरा ना लवकर. किती राह्यल्या?’

‘दोनच लोंबी.’

‘पिशव्या?’

‘लावल्या. टाचण्याबी लावल्या.’

‘तारीख लिहिली? मागच्या साली तुमी इसरले अन् साहेब माह्यावर बिघडले.’

‘लिहिली बाप्पा! एक डाव चुकलो, तं जलमभर आयकवून राह्यल्या.’

तू हसलीस. तो म्हणाला, ‘झालं आता. सावलीत पडा जरा.’ तू हात पोटावर घेतलेस आणि झोपलीस. तीन वाजेपर्यंत. सिस्टरने दोनदा येऊन श्वास पाहिला.

तू झोपली असताना मी त्याला खाली चहाला नेलं. पस्तीस वर्षांचा प्रश्न विचारला. ‘तुम्ही दोघं तिथे काय बोलायचात?’

‘कवा?’

‘काम करताना. दिवसभर.’

‘काम करताना बोलन कसं, भाऊजी? गिनती चुकते ना. बाईचं तोंड बंद, माहं तोंड बंद. कुंड्या उचलताना काय ते दोन शब्द. घरी गेलो का बायको म्हणे, आज तं बोला कायतरी.’ तो हसला आणि बशीतला चहा प्यायला.

इतकी वर्षं मी तुमच्या बोलण्याचा हेवा केला होता. ते बोलणं नव्हतंच. हे कळल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं, झालं नाही. बोलणं तर आपलंही होतं. दीड दिवसात आपण आठवड्याचं बोलून घ्यायचो. पण मी पाच मिनिटं गप्प बसलो की तू विचारायचीस, ‘काय झालं जी?’ काही न बोलता दिवसच्या दिवस माझ्यासमोर तू कधी बसली नाहीस. लक्ष्मणकडे नेमकं ते होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, ‘अजी.’ मी वाकलो. ‘अजी, आज वार कोणता?’

‘शुक्रवार.’

‘पक्कं ना? लई वार सांगून राह्यले होते तुमी.’ सिस्टर हसली. मी हसलो नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि ते तुला दिसू नयेत म्हणून मी खिडकीकडे गेलो. तिथे उभा राहून पुढचा काही वेळ मी फार सुखात होतो. शुक्रवार संध्याकाळ ते मंगळवार रात्र एवढा काळ तू मला परत मिळालीस. जवसाची चटणी मागितलीस. शेजारच्या बाईचं सगळं घराणं विचारून घेतलंस. वॉकर धरून चार पावलं चाललीस आणि मला म्हणालीस, ‘हात नका धरू, पडान मी.’ त्या दिवसांचे आभार कोणाचे मानावेत हे मला ठरवता येत नाही. लक्ष्मणचे मानायला जीभ उचलत नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या की जंतू आटोक्यात आले म्हणून गोंधळ उतरला. ते वाक्य मी धरून ठेवलं आहे.

रविवारी दुपारी तू विचारलंस, ‘माहे हात बांधले होते काय जी?’

‘हो. नळी ओढत होतीस.’

‘लई भेव वाटला मले. वाटे, चोर म्हून बांधलं कोणी. कोणाले सांगावं ते समजे नाई. मंग लक्ष्मणभाऊनं सोडवलं.’

‘सिस्टरने सोडवलं,’ मी म्हणालो. तेवढीही दुरुस्ती मला आवरली नाही.

तू चादरीची घडी सारखी केलीस. मग म्हणालीस, ‘त्यायले खबर कोणं देली?’

‘कोणी नाही. स्टँडवर कळलं त्याला.’

‘सिस्टर म्हणे, मी सोमवारपासून हाका मारून राह्यली होती.’

‘हो.’

तू माझ्याकडे पाहिलंस. पुढचा प्रश्न तुझ्या तोंडावर होता. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तू तो घेतलास. तुला कळलं होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. वेळ होता, तू शुद्धीत होतीस, जवळ कोणी नव्हतं. मी ठरवलं, घरी गेल्यावर सांगू. तू रागावशील, दोन दिवस बोलणार नाहीस, मग निभेल. बुधवारी दवाखान्यातून सुट्टी होणार होती. बुधवारी सकाळी पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. तू ‘अजी, खिडकी’ एवढंच म्हणालीस. मी खिडकी उघडून वळलो तोवर डॉक्टर धावत आल्या होत्या.

त्यानंतर लक्ष्मण रोज संध्याकाळी येत होता. अंगणात बसायचा, बोलायचा नाही. पहिले तीन दिवस मला ते बरं वाटलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की तो माझ्यापाशी बसत नाही, तुझ्या कुंड्यांपाशी बसतो.

परवा वंदना झाली, लोक जेवले. लक्ष्मणने सकाळपासून वाढण्याचं काम घेतलं होतं. सगळे उठल्यावर तो स्वतःचं ताट घेऊन माझ्याजवळ आला. ‘भाऊजी, एक गोष्ट मनातून जाऊन नाई राह्यली,’ तो म्हणाला. ‘कोणी एक फोन केला असता, तं मी सोमवारीच आलो असतो.’

मी म्हणालो, ‘डॉक्टरांनी मंगळवारी तुला बोलवायला सांगितलं होतं. मी तू नागपूरला आहेस म्हणून सांगितलं.’

त्याला आधी समजलं नाही. ‘मी कायले नागपूरले जाईन?’

‘गेला नव्हतास. मी खोटं सांगितलं.’

‘काऊन?’

‘ती मला ओळखत नव्हती. तुला हाका मारत होती. मला ते सहन झालं नाही.’

त्याने ताट खाली ठेवलं. ‘म्हून दोन दिवस बांधून ठेवलं?’

‘बांधलं सिस्टरने,’ असं माझ्या तोंडून निघालं आणि मी थांबलो.

‘बाई हाका मारून राह्यली होती,’ तो म्हणाला, ‘अन् मी घरी खाटेवर पडून होतो. बिनकामाचा.’ त्याचा आवाज चढलेला नव्हता. ‘तुमी शिकलेले, पेपरवाले. म्या तुमाले कधी तोंड वर करून बोललो नाई. आज बोलतो. लई हलकं काम केलं तुमी. बाईनं माफ केलं असतं तुमाले. म्या नाई करत.’

तो उठला. ताटातलं अन्न तसंच होतं. फाटकापाशी त्याने चपला घातल्या आणि मागे न पाहता गेला. काल संध्याकाळी आला नाही, आजही नाही.

त्याने मला माफ करावं असं मी म्हणत नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे, त्यात एक शब्दही बदलायला नको. पण तो राग तुझा होता, विमल. मी तो तुझ्यासाठी राखून ठेवला होता. घरी आल्यावर तू माझ्यावर ओरडणार होतीस, ताट आदळणार होतीस, पाठ करून झोपणार होतीस. ते सगळं माझ्या वाट्याचं होतं आणि मी ते भोगणार होतो. आता तुझ्यासाठी माझ्यावर चिडलेला या गावात एकच माणूस आहे. तुझा राग त्याच्या घरी आहे, माझ्या घरी नाही. मला त्याचाही हेवा वाटतो.